आईच्या खुर्चीचं गादीकाम

इंग्लंडमधल्या वायकम गावात कुणाच्या जुन्या खुर्चीचा तळ बसला, की ती खुर्ची एनिड प्लमरिजच्या दुकानात यायची. दुकान म्हणजे उतारावरची एक लांबट खोली. आत जिकडेतिकडे उघड्यावाघड्या खुर्च्या, तागाचे पट्टे आणि गादीत भरायच्या घोड्याच्या केसांची पोती. वरच्या मजल्यावर ती एकटी राहायची. गिऱ्हाईक आलं, की खुर्चीला हात लावायच्या आधी ती विचारायची, "हिच्यात बसायचं कोण?"

लंडनहून आलेली हौशी मंडळी गोंधळायची. "कोण जाणे बाई. आम्ही परवाच बाजारात घेतली."

मग ती निवांतपणे कामाला लागायची. पण कुणी "आमचे आजोबा" म्हणालं, की तिचा हात थबकायचा. "मग काय काय ठेवायचं ते आत्ताच सांगा. मागाहून रडू नका."

लोक म्हणायचे, म्हातारी जरा चक्रम आहे, पण हात सोन्याचा. ती असं का विचारते, हे तिची धाकटी बहीण बेरिल आणि बेरिलचा नवरा लेन या दोघांनाच ठाऊक होतं.

दोघी बहिणींचे वडील रूबेन अर्ध्या गावासारखेच खुर्च्यांच्या कारखान्यात होते. दिवसभर दुसऱ्यांसाठी खुर्च्या जोडायच्या आणि घरी लाकडी बाकावर बसून जेवायचं, असा संसार. आईला दम्याचा त्रास. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून ती रात्र रात्र भिंतीला टेकून बसायची. एकदा शेजारच्या खेड्यातले म्हातारे पाद्री वारले आणि त्यांचं सामान विकायला निघालं. त्यात एक पाय मोडलेली, उंच पाठीची खुर्ची होती, पाठीला दोन्ही बाजूंनी पंखांसारखे कान असलेली. शेकोटीपुढे बसलं की तोंड भाजायचं आणि पाठ गारठायची, त्या जुन्या काळात वारा अडवायला असे कान काढायचे. ही खुर्ची शंभरी ओलांडलेली होती. रूबेननी ती हातगाडीवर घालून आणली, बीच झाडाच्या लाकडाचा नवा पाय बसवला आणि शेगडीशेजारी ठेवली. त्या रात्री आई खुर्चीच्या उजव्या कानाला डोकं टेकून झोपली ती थेट सकाळपर्यंत.

पुढं सगळं आयुष्य ती त्याच खुर्चीत झोपली. दोघी मुली खुर्चीच्या हातांवर बसून मोठ्या झाल्या. एनिड कारखान्यात शिवणावर लागली. बायकांनी कापड शिवायचं आणि पुरुषांनी गादी भरायची, अशी तिथली रीत. हिनं बघून बघून भरायचंही शिकून घेतलं. दुसरी मोठी लढाई संपल्यावर तिनं स्वतःचं दुकान टाकलं. बेरिलनं बसचालक लेनशी लग्न केलं आणि दोघं आईपाशीच राहिली. वडील गेले, आईचं दुखणं वाढलं. उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं सगळं बेरिलकडे. एनिड रविवारी यायची, केक घेऊन. पुष्कळदा तेही जमायचं नाही. दुकानात कामाचा ढीग असायचा, आणि तो खरोखरच असायचा.

आई खुर्चीतच गेली. खुर्ची जागची हलली नाही. संध्याकाळी कामं आटपली की बेरिल तिच्यात जाऊन बसायची. एका वर्षी आतली स्प्रिंग कापड फाडून वर आली.

एनिड म्हणाली, "दे माझ्याकडे. नीट करून देते."

"फक्त स्प्रिंगा हं," बेरिल म्हणाली. "बाकी कशाला हात लावू नकोस."

"हो गं बाई. मला शिकवतेस?"

तो एकोणीसशे साठ-बासष्टचा सुमार. लोकांना जुनं नकोसं झालं होतं. घराघरातून असल्या खुर्च्या परसात नेऊन जाळत होते. सगळ्यांना हलकं, चकचकीत, रबरी स्पंजाचं हवं होतं. एनिडनं स्प्रिंगांसाठी तळ उघडला तर आतून धुरळा उठला. केसांच्या गुठळ्या झालेल्या, कसर लागलेली. हिरव्या लोकरी कापडाखाली फुलाफुलांचं कापड, त्याखाली कातड्याचे तुकडे. एकेका घरानं आपापला थर चढवला होता. उजव्या कानावर आईच्या डोक्यानं पडलेला तेलकट, काळा डाग. एनिडला वाटलं, बेरिलनं आयुष्यभर जुन्यापान्यातच दिवस काढले, तिला एक तरी वस्तू नवी, देखणी मिळू दे. आणि खरं सांगायचं तर, आईसाठी आपण काही केलं नाही ही टोचणी होतीच. ती भरून निघेल असं तिला वाटलं.

तिनं सगळं उतरवलं. केस, काथ्या, कापडं मागच्या अंगणात नेऊन पेटवली. नवा स्पंज भरला, मोहरीच्या फुलासारखं पिवळं, महागाचं कापड चढवलं, लाकूड घासून लखलखीत केलं. दुकानात आलेले लोक बघत राहिले.

लेननं आणि तिनं खुर्ची घरात आणून ठेवली. बेरिल हात पुसत आली आणि उभीच राहिली. मग बसली. सवयीनं मान उजवीकडे कलली, गाल कानाला टेकला आणि तिनं तो झटकन उचलला. रबराचा वास येत होता.

"आतलं काय केलंस?"

"अगं, कसर लागली होती. जाळलं सगळं."

"जाळलंस?"

"बेरिल, किती राबले आहे मी! रंग तरी बघ."

"बघितला." बेरिल उठली. "तुझ्या दुकानात शोभेल. तिकडेच ने."

"असं तोडून नको बोलूस. तुझ्यासाठीच केलं ना?"

"माझ्यासाठी? आई रात्ररात्र धापा टाकत होती तेव्हा कुठं होता तुझा हा सोन्याचा हात? तेव्हा यायचं होतंस. आता उरलीसुरली आईसुद्धा जाळून आलीस!"

लेन मध्ये पडला, "अगं, चहा तरी..." पण एनिड तोवर दाराबाहेर होती. तिलाही राग आला होता. घरी पोचेपर्यंत तो टिकला. जिना चढताना ओसरला, आणि मग रात्रभर तिच्या नाकात त्या अंगणातल्या जाळाचा वास राहिला.

माफी मागायला उद्या जाऊ, असं ती म्हणाली. मग नाताळला जाऊ म्हणाली. नाताळला दोन्हीकडून कार्डं आली, नुसती नावं घातलेली. एका गावात राहून वर्षांमागून वर्षं गेली. बाजारात एकमेकींना पाहिलं की एक जण रस्ता ओलांडायची. बरेचदा ती एनिडच असायची.

पुढं वारं फिरलं. ज्यांनी जुन्या खुर्च्या जाळल्या त्यांचीच मुलं तशा खुर्च्या शोधत फिरू लागली. आतले केस मूळचे आहेत ना, कापड जुनंच आहे ना, असं विचारू लागली. एनिड आता हातानं टाके घालून, केस भरून, होतं तसं ठेवून काम करायची. तिचं नाव झालं. कुणी वाखाणलं की ती विषय बदलायची.

एनिडची साठी उलटल्यावर एक दिवस लेन दुकानात आला. "बेरिलला विसरायला होतंय गं," तो टोपी चुरगाळत म्हणाला. "तू येऊन जा. आणि ती खुर्ची... ती पिवळी झाल्यापासून बेरिल तिच्यात बसलीच नाही कधी. माळ्यावर आहे."

एनिडनं खुर्ची आणली. अख्खा हिवाळा दुसरं काम घेतलं नाही. जुने केस मिळवले, धुतले, पिंजले. हिरवं कापड मिळेना, मिळालं ते आठवणीतल्या हिरव्याहून जरा गडद होतं. आईच्या बसण्याचा खळगा कुठं होता, हे आठवून भरायचा प्रयत्न केला. तीन वेळा उसवलं. असला खळगा हातानं होत नाही, त्याला माणूस लागतं, हे तिच्याइतकं कुणाला कळणार?

खुर्ची ठेवली तेव्हा बेरिल खिडकीपाशी होती. केस पांढरे, अंग वाळलेलं. ती आली, बसली, कानाला गाल टेकला आणि हसली.

"आईची," ती म्हणाली. "तशीच आहे ना गं?"

एनिड किती वर्षं बोलायचं ते मनात जुळवत आली होती. ते सगळं ओठाशी आलं. पण ज्या बेरिलला ते सांगायचं, ती समोर नव्हतीच. भांडण तिला आठवत नव्हतं, पिवळी खुर्चीही आठवत नव्हती. माफी मागायची तरी कुणाजवळ?

"हो," एनिड म्हणाली, "तशीच."

"इतके दिवस कुठं होतीस? दुकानात कामं फार असतील."

"हो गं. फार होती."

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. बेरिलला भरवायची, केस विंचरून द्यायची. बेरिल खूश असायची, कधीकधी तिला शेजारीण समजून आपल्या बहिणीचं कौतुक सांगायची. एनिड विंचरता विंचरता ऐकायची. दोन वर्षं मिळाली तिला अशी. बेरिल गेल्यावर लेन म्हणाला, खुर्ची तू घेऊन जा. तिनं नको म्हटलं. आता लेन रेडिओ ऐकत त्या खुर्चीत बसतो, चहा सांडतो. एनिड गुरुवारी त्याच्याकडे जेवायला जाते. जेवून झालं की ती भांडी धुते, तो पुसतो, आणि साडेआठच्या बसला तिला सोडायला कोपऱ्यापर्यंत येतो.