खांड

सुमती मंगळवारी गेली. आठवड्यानंतर तिचं कपाट आवरताना मातीने भरलेली एक बरणी सापडली. झाकण उघडल्यावर खाडीच्या चिखलाचा वास आला, मिठाचा आणि कुजलेल्या पेंढ्याचा.

लग्नानंतरच्या वर्षी आम्ही दोघंही प्रबंधासाठी रेवसजवळच्या एका गावात जात होतो. बांध फुटून खाडीचं पाणी भातशेतीत शिरलं होतं. अशा भगदाडाला तिकडे खांड म्हणतात. सुमती मातीतला क्षार मोजायची. पूर्वी सगळं गाव मिळून बांध राखायचं, ते का थांबलं, हे मी लोकांना विचारायचो.

एके दिवशी तिथल्या एका शेताचा म्हातारा मालक बांधावर बसून आमच्याकडे बघत होता.

"मीठ मोजाला येवढी यंत्रं कशाला, बाय? चाटून बघ नं."

सुमतीने खरंच बोट चाटलं. म्हातारा हसला. मग म्हणाला, "बाय मातीला इचारते, मास्तर मानसांना इचारतो. मंग खांड बुजवनार कोन?"

तो आम्हाला सरकारी माणसं समजला होता. सुमती माझ्याकडे बघत राहिली आणि मी वहीकडे. आधी नीट समजून घेऊ, पुढचं कुणीतरी करेल, असं मला तेव्हा वाटलं. तिच्या आजारातही मी तसाच वाचत बसलो, आधी पेशींविषयी, मग शुश्रूषेविषयी, शेवटी शोकाविषयी. सगळं समजत होतं.

खांड तशीच राहिली, त्या शेतात आता कांदळवन आहे. आमचे प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, तिचा पहिल्या मजल्यावर आणि माझा तिसऱ्या.