अव्वांचा नियम आणि सुकुमारची लांब नळी

तासगावात सुकुमारचा फोटो स्टुडिओ होता. त्यानं काढलेल्या लग्नाच्या फोटोत नवरीपेक्षा तिच्या हारावरची माशी ठळक यायची. गावानं नावं ठेवली, पण गडी सुधारला नाही. किड्यांच्या फोटोंत त्याचा जीव अडकलेला.

अडचण एकच. किडे दिसणार पावसाळ्यात, आणि तेव्हाच जैनांचा चातुर्मास. त्याच्या आईनं, गुणमालाबाईंनी (त्यांना सगळं गाव अव्वा म्हणे), घरादाराला नियम घालून दिलेला : चार महिने हिरव्या गवतावर पाय ठेवायचा नाही, जीव चिरडतात. आणि साध्या लेन्सला तर किड्याच्या नाकाशी जावं लागतं.

चौऱ्याहत्तर साली फौजेतल्या दोस्तानं, आकारामनं, सुट्टीवर येताना त्याला हातभर लांब लेन्स आणून दिली. सुकुमार रस्त्यावर उभा राहून बांधावरचे किडे टिपू लागला. नळी पाणवठ्याकडं लावतो, अशी बोलवा उठली. मी जाऊन बघितलं. पाणवठा त्या बाजूला नव्हताच. फार निराशा झाली.

पहिला फोटो आला तो पुढचे पाय जोडून बसलेल्या हिरव्या खंडोबाच्या किड्याचा. अव्वा हरखल्या. "मुका जीव, पण कसा सामायिकाला, ध्यानाला बसलाय बघ!"

आठवड्यानं दुसरा आला. तोच किडा, त्याच जोडलेल्या पायांत अर्धी खाल्लेली मधमाशी.

"हिला सोडवली का न्हाईस रं?"

"अव्वा, मधी गवत हुतं. तुझाच नियम न्हवं?"

अव्वांनी फोटो पालथा घातला. मग म्हणाल्या, "जीव जाताना बघत उभं ऱ्हायाचं आसंल, तर ती नळी कपाटात घाल."

नळी कपाटात गेली आणि सुकुमारचं जेवण सुटलं. पोरगं ताटावरनं उठतंय हे अव्वांना बघवेना. "काढ ती नळी. मी येते संगं."

मग रस्त्याकडेला रोजचा देखावा. सुकुमार श्वास रोखून उभा, शेजारी स्टुलावर छत्री घेऊन अव्वा. किड्यानं मधमाशीवर नेम धरला की अव्वांची टाळी, "उड बाई, उड!" घरी येऊन रोल धुवावा, तर नुसती पानं.

"अव्वा, त्यो उपाशी मरंल की!"

"पाला खाऊ दे."

"पाला खात न्हाई त्यो."

"मग आपुन गेल्यावर खाऊ दे. माझ्यासमोर नको."

श्रावण सरता सरता एक फोटो मात्र साधला. टाळीसरशी किड्यानं मान वळवलेली, डोळे थेट स्टुलाकडं. अव्वांनी चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"माझ्याकडंच बघतोय की रं! लय रागावलाय."

"मग? नळी ठिवू कपाटात?"

"कशाला? उद्या लवकर निघू. न्हाईतर म्हातारी भ्याली आसं वाटंल त्येला."