एका सामन्यापुरता जावई

आमच्या सॉफ्टवेअर ऑफिसच्या पार्किंगमागे एक भिंत आहे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे उघडायचो तेव्हा टीममधला आयरिश पोरगा त्या भिंतीवर चेंडू मारत असायचा. हातात भल्या मोठ्या उलथन्यासारखी लाकडी काठी. परत आलेला चेंडू जमिनीला टेकायच्या आत पुन्हा भिंतीवर, आणि मधेच, सहज, उघड्या हातानं हवेतून उचलायचा. खेळाचं नाव हर्लिंग. हॉकीच समजा, पण चेंडू डोक्यावरून उडणारी.

चालायला लागल्यापासून ती काठी त्याच्या हातात होती. गावच्या क्लबातून तो त्यांच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, विशीखालच्या संघात पोचला. मोठ्या संघात घेतलं नाही, म्हणून इथे जर्मनीत, वाल्डॉर्फला येऊन नोकरी धरली. त्या खेळात पैसा मिळत नाही. काउंटीचा शर्ट अंगावर चढला की गावभर मान. त्या उन्हाळ्यात तिकडच्या प्रशिक्षकाचा फोन आला. एक जागा होणार आहे, महिन्याभरात निवड चाचणीला ये. पोरगा मीटिंगमध्येसुद्धा शिट्टी वाजवायला लागला.

मी त्याचा टीम लीड, आणि आमच्या मराठी मंडळाच्या क्रिकेट संघाचा कर्णधार. गेर्लिंगेनच्या मराठी मंडळाचे मेकॅनिकलवाले दर वर्षी आम्हाला धुवायचे. वर त्यांचा कर्णधार विचारायचा, "काय, या वर्षी बॅट रीस्टार्ट करून पाहिलीत का?" मी हसून धावांची वही मिटायचो.

नियम असा, की खेळाडू सभासदाच्या कुटुंबातला हवा. मी सचिवबाईंना फोन केला.

"एक नाव वाढवायचंय. आमचे होणारे जावई."

"अगबाई, बोलला नाहीत."

"अजून जाहीर नाहीये."

"जर्मन आहेत?"

"आयरिश."

"बरं. पण क्रिकेट येतं ना? नाहीतर उगाच लग्न."

मुलगी तेव्हा कार्ल्सरूहेला शिकत होती. तिला मी विचारलं नव्हतं. बायकोलाही नाही.

सामन्याच्या दिवशी बायको वड्यांचा डबा घेऊन मैदानावर आली आणि तिघीचौघींनी तिला घेरून अभिनंदन केलं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग डबा खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "हो, आमचे जावई जरा अबोल आहेत. सासऱ्यांवर गेलेत." आणि जाता जाता माझ्या कानाशी, "घरी चला, बघते."

पोरगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "सगळे मला जावई म्हणतायत. जावई म्हणजे काय?"

"सलामीचा फलंदाज," मी म्हणालो.

तो खूश झाला. गेर्लिंगेनच्या प्रत्येक खेळाडूशी हात मिळवत छातीवर बोट ठेवून सांगू लागला, मी जावई.

बॅट त्यानं काठीसारखी धरली आणि आडवीच फिरवली. चेंडू मक्याच्या शेतात जात राहिले. त्यांचा कर्णधार कमरेवर हात ठेवून म्हणाला, "अहो, तुम्ही जावई शोधलात की भाड्यानं आणलात?"

मग आम्ही क्षेत्ररक्षणाला उतरलो. उतरता उतरता पोरगा चेंडू दाबून बघत माझ्याजवळ आला. "हा आमच्यापेक्षा जड आहे का? पुढच्या आठवड्यात चाचणी आहे माझी."

आता खरं लिहितो. आदल्या दिवशी त्याच्या टेबलापाशी मी त्याचा आणि आमचा, असे दोन्ही चेंडू दोन हातांत धरून पाहिले होते. आमचा चांगलाच जड होता, आणि टणक. हो म्हटलं असतं तर तो चाचणीसाठी बोटं जपत सीमारेषेबाहेर जाऊन वडे खात बसला असता.

"सारखाच आहे रे," मी म्हणालो.

शेवटच्या षटकात उंच झेल उडाला. खाली आमचे दोघे हात जोडून उभे होते, झेलासाठी की देवासाठी ते कळत नव्हतं. तो त्यांच्या मधून उसळला आणि त्यानं एका हातानं, भिंतीपाशी घ्यायचा तसा, चेंडू वरच्यावर खुडला. आम्ही जिंकलो. बायका टाळ्या वाजवत होत्या. पोरगा हसत होता आणि तो हात दुसऱ्या काखेत दाबून उभा होता.

सोमवारी त्याची क्रांकश्राइबुंग, म्हणजे डॉक्टरची रजेची चिठ्ठी आली, मधलं बोट मोडल्याची. सोबत दोन ओळी: टीमचं काम अडतंय, माफ करा.

चाचणी त्याच्याविना झाली. जागा शेजारच्या गावातल्या एकाला मिळाली, तो अजून खेळतो. पुढच्या वर्षी फोन आला नाही. पोरगा म्हणाला, "खेळात होतं असं." मीही म्हणालो, हो, होतं. मंडळात बायकोनं सोयरीक मोडल्याचं सांगितलं, आणि दिवाळीपर्यंत लोक माझं सांत्वन करत राहिले. मुलीला कुणाकडून तरी कळलं. तिनं फोनवर एवढंच विचारलं, "पापा, श्पिन्स्ट डू?" म्हणजे, वेड लागलंय का तुम्हाला.

यंदा मेमध्ये कँटीनमध्ये तो फोनवर काउंटीचा सामना बघत जेवत होता. जागा मिळालेला तो दुसरा पोरगा काउंटीच्या शर्टात पडद्यावर धावत होता. मी का बोललो ते मला सांगता येत नाही.

"तो चेंडू जड होता. मला माहीत होतं. मी आदल्या दिवशी तोलून पाहिला होता."

तो चावत राहिला. मग म्हणाला, "का?"

"जिंकायचं होतं."

"गेर्लिंगेनला हरवायला?"

"गेनाऊ. अगदी तेवढ्यासाठीच."

तो हसायला लागला, आणि मधेच थांबला. "त्या वर्षी मी सगळ्यात वेगात होतो," म्हणाला. फोन उलटा ठेवला. आम्ही दोघांनी बटाटे संपवले.

"रविवारी आमच्या सरावाला ये," शेवटी तो म्हणाला. "आमचा गोली सुट्टीवर गेलाय."

गेलो. इथले आयरिश आणि चार-पाच जर्मन मिळून खेळतात. त्यांनी माझ्या डोक्यावर जाळीचं हेल्मेट चढवलं आणि मला गोलात उभं केलं. बायको कडेला खुर्ची टाकून बसली होती. तिला या वेळी सगळं सांगूनच आणलं होतं. पोरगा समोर आला आणि एकेक चेंडू उडवून मारू लागला. एक माझ्या मांडीवर बसला, एक दंडावर. "अहो, हात पुढे करा की," बायको ओरडली.

त्यानं जोर कमी केला नाही. मीही कमी कर म्हणालो नाही.