एंटर दाबण्याआधी

शहागंजात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. फोनमध्ये दुसरी सिस्टीम टाकू न देणारं बूटलोडरचं कुलूप मी मागंच घरी काढलं होतं. परवा नवी सिस्टीम टाकताना चुकीची फाइल गेली आणि फोन कंपनीच्या चिन्हापुढं सरकेना.

बाईंनी तो केबलनं लॅपटॉपला जोडला. काळ्या पडद्यावर कमांडची एक ओळ टाइप केली आणि लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

"फोन तुमचा हाय दादा. वाचा, अन् एंटर तुम्हीच दाबा."

फोन सुरू झाला. लेकीच्या बारशाचे फोटो जागच्या जागी होते.

मी खुशीत म्हणालो, "ताई, कुलूप काढल्यापासून बँकेचं अ‍ॅप चालत नाही. ते कुलूपही परत लावून टाका."

त्यांनी मुकाट्यानं ओळ टाइप केली, लॅपटॉप वळवला आणि हाताची घडी घातली. मी बोट उचललं.

"कुलूप काढलं तवा फोन सगळा पुसला गेला व्हता ना?"

"हो."

"लावतानाबी पुसतो."

बोट हवेतच राहिलं. "मग तुम्ही टाइप कशाला केलं?"

"तुम्ही सांगितलं म्हणून," त्या शांतपणे म्हणाल्या. "कमांड कधी चुकत नाय दादा. सांगणारा चुकतो."

ती ओळ मीच खोडली, एकेक अक्षर करून.