परतीचा पत्ता

भित्रा म्हणून घरात माझी ख्याती जुनी आहे. झुरळ निघालं की बायको झाडू घेऊन येते, तोवर मी स्टुलावर असतो. अशा माणसाने पन्नाशीत घरच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि अकोल्याच्या एका छोट्या प्रकाशकाकडे नेऊन दिलं. प्रकाशक म्हणजे निवृत्त मास्तर. पुढच्या खोलीत प्रकाशन, मागे संसार. हो किंवा नाही ते कधी कळवत नाहीत. हस्तलिखित वाचायचं, समासात पेन्सिलीने प्रश्न लिहायचे आणि परत करायचं, ही त्यांची रीत. उत्तरं लिहून जो पुन्हा येईल त्याचंच पुस्तक निघतं.

माझी प्रत हाताने लिहिलेली, एकुलती एक. टपालात हरवेल या धास्तीने मी परतीचा पत्ता माझ्या अमरावतीच्या घराचा न देता अकोल्यातल्या ताईचा दिला. मास्तर स्वतः नेऊन देणार होते. एवढी खबरदारी घेतल्यावर सातव्या प्रकरणात ताईच आहे, हे माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं.

आई जायच्या आधीचे आठ दिवस त्या प्रकरणात आहेत. आई रोज दाराकडे पाही. अकोला काय, दोन-अडीच तासांची वाट; पण ताई आली ती थेट मातीला. 'तिला आईपेक्षा तिचं घर मोठं झालं,' असं मी लिहिलं होतं. वाक्य मला फार आवडलंही होतं, खोटं कशाला सांगू.

महिन्याभराने मास्तरांचा फोन आला, काल देऊन आलो म्हणाले. ताईच्या घरी आलेलं पाकीट बंद राहत नाही; शेजाऱ्यांची लग्नपत्रिकासुद्धा वाचून मगच पोचती होते. मी फोन लावला, ताईने उचलला नाही. तिसऱ्यांदा भाऊजींनी उचलला. ती कालपासून वाचूनच राहिली, एवढं सांगून त्यांनी ठेवला.

पहिल्या बसने निघालो. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत माफीची वाक्यं जुळवली, पुढे सगळी विसरलो. आईनंतर मला हक्काने रागावणारं ताई हे एकच माणूस उरलं होतं, आणि तेही मी आपल्या हाताने घालवलं होतं.

ताई मेथी निवडत बसली होती. शेजारी माझे कागद, पंख्याने उडू नयेत म्हणून वर वरवंटा. तिने पाणी दिलं आणि पुन्हा मेथीला लागली. दोन शिव्या दिल्या असत्या तर पाणी तरी घशाखाली उतरलं असतं. मग तिने एक पान माझ्यापुढे सरकवलं. समासात मास्तरांचं बारीक अक्षर होतं : बहीण का आली नाही?

"त्या परक्या माणसाले पडला हा प्रश्न," ताई म्हणाली. "तुले इतक्या वर्षांत नाई पडला?"

मी जुडीतली एक काडी उचलून निवडू लागलो.

"आईनं मले फोनवर सांगतलं होतं, तू भेटून गेली का मी मोकळी. मंग मी कशी येऊ? मले वाटे, मी नाई गेली तर आई वाट पायत राहीन. तितके दिवस तरी राहीन."

हळूच ते वाक्य खोडतो म्हणालो.

"खोडू नको. त्याच्याखाली लिही."

दारातून ऐकणाऱ्या भाऊजींनी खिशातला पेन काढून दिला. मेथीची जुडी संपली तेव्हा कुठे माझी एक ओळ झाली होती. ती ताईबद्दलची नव्हती. 'मी विचारलं नाही, मला भीती वाटत होती,' एवढीच होती.