आईचा गुरुवार

आमच्या घरात प्रार्थनेचे वार वाटून दिलेले होते. मंगळवार माझा, शनिवार धाकट्या भावाचा, गुरुवार आईचा आणि उरलेले सगळे वडिलांचे. दिवेलागणीला ताटं वाढली की ज्याचा वार असेल त्यानं मोठ्यानं प्रार्थना करायची, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायची. शेवटचं ‘आमेन’ मात्र वार कुणाचाही असो, वडील म्हणायचे. त्यांच्या आमेनशिवाय घासाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

वडील मिशनच्या शाळेचे मास्तर. वेल्ह्याच्या बाजूला, तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावात मिशननं त्यांना धाडलं होतं. शाळा म्हणजे एक खोली, तिच्या मागं आमचं छप्पर. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच, त्यामुळं रविवारची उपासना त्याच खोलीत आम्ही चौघंच करायचो. बाकी गाव शेतकऱ्यांचा. माणसं वाईट नव्हती, हे मी आज म्हणू शकते. तेव्हा म्हणत नव्हते. त्यांची पोरं वडिलांपुढं पाटी घेऊन बसायची आणि घरी गेली की अंगावर पाणी घेऊन मगच उंबरा ओलांडायची. पाणी आणायला आम्हाला ओढ्याच्या खालच्या अंगाला जावं लागे. आजोबांनी देव बदलला होता, पण पाणवठा काही बदलला नव्हता.

वडिलांची प्रार्थना शुद्ध आणि आटोपशीर असे. आईची गोष्टच वेगळी. ती येशूशी बोलायची ते जणू तो दारातच बसलाय आणि त्याला घरातलं सगळं ठाऊक असायलाच हवं. ‘‘देवा, छपराचं गवत औंदा तरी टिकू दे. पिवळी कोंबडी कुठं अंडी घालती ते मला गावंना, तुला दिसत आसंल. पल्याडच्या आळीतल्या सुनंचं दिवस भरल्यात, तिला संबाळ. तिची सासू लई वंगाळ हाय, तिला पन संबाळ.’’ इकडं भात निवत असायचा. भाऊ एक डोळा किलकिला करून भाताकडं बघायचा आणि मी त्याला चिमटा काढायची. शेजारच्या बायांना वाटे मास्तरीणबाई गुरुवारचा उपास धरतात, कारण त्या दिवशी आमच्याकडं जेवायला हमखास उशीर व्हायचा.

खरं तर तिचं बोलणं दिवसभरच चालू असे. चुलीत लाकूड सारताना, शेण काढताना, ओढ्यावरून चढ चढताना. गुरुवारी ते आम्हाला ऐकू येई, एवढंच. मी एकदा विचारलं, ‘‘आई, तो उत्तर देतो का गं?’’

‘‘देतो की. तुझ्या वडलांवानी उशिरा देतो.’’

ही माझी आई. ती गप्प कशी झाली ते सांगायचं आहे.

त्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत भावाला हिवताप आला. हुडहुडी भरून यायची, अंगावर घरातली सगळी पांघरुणं घातली तरी दात वाजायचे, मग अंग तव्यासारखं तापायचं. वडिलांजवळच्या, हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या शाळेतल्या पोरांना वाटून संपल्या होत्या. वडिलांनी शेजारच्या शेतकऱ्याला गळ घातली, आणि कापणीची घाई असूनही तो शुक्रवारी पहाटे गाडी जोडायला तयार झाला. नसरापूर, तिथून कापूरहोळ आणि मग भोरचा दवाखाना. तेवढा प्रवास पोराला झेपेल का हीच सगळ्यांना धास्ती होती.

गुरुवारी सकाळी भावाला दरदरून घाम सुटला आणि ताप उतरला. तो उठून बसला. त्यानं पेज मागितली आणि मला एक शिवीही दिली. त्या संध्याकाळी आईनं जी उपकारस्तुती केली तशी मी आयुष्यात पुन्हा ऐकली नाही. ती रडत होती, हसत होती, येशूला ‘माझ्या राजा’ म्हणत होती. वडिलांचं आमेनही घोगरं निघालं.

जेवण झाल्यावर वडील म्हणाले, ‘‘गाडी सांगितलीच आहे, तर उद्या जाऊन येऊ.’’

आई म्हणाली, ‘‘आता कशाला? आपुन त्याचं उपकार मानलं. आता गाडी जोडली तर तो म्हनंल, ह्यास्नी माझा इस्वास न्हाई.’’

वडील शिकलेले होते. हा ताप एक दिवसाआड फसवतो हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं असणार. पण त्या क्षणी आईच्या विश्वासापुढं त्यांना स्वतःचं शहाणपण हलकं वाटलं असावं. ते उठले आणि गाडी नको म्हणून सांगून आले. मला वाटतं, आमच्यासारख्या घरातच अशी चूक होऊ शकते. शेजाऱ्यांनी देवाला नारळ फोडला असता आणि गाडीही जोडली असती.

शुक्रवारी दुपारी ताप परत आला, आणि असा आला की भाऊ आम्हाला ओळखेना. शनिवारी उजाडता उजाडता तो शेतकरी न बोलावता गाडी घेऊन दारात उभा राहिला. आईनं भावाला मांडीवर घेतलं. मी मागं गवतावर बसले होते. नसरापूर दिसायला लागलं तेव्हा आई म्हणाली, ‘‘ह्यो गार पडला,’’ आणि पहिल्यांदा मला वाटलं की ताप उतरला. वडिलांनी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि तो उचललाच नाही. गाडीवाल्यानं डोईचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि कुणी काही न सांगता बैल माघारी वळवले.

त्याला शाळेच्या मागं पुरलं. दुसरी जागा आम्हाला नव्हती. मिशनचे पाळक यायला चार दिवस लागले असते, म्हणून अंत्यविधीही वडिलांनीच चालवला, आणि शेवटी आमेन म्हणताना त्यांना तीनदा थांबावं लागलं. तो शनिवार होता, भावाचाच वार, हे मला फार उशिरा सुचलं.

पुढच्या गुरुवारी ताटं वाढली. आईनं हात जोडले, डोळे मिटले. आम्ही वाट पाहिली. बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडत होती, ती गप्प झाली तरी आई बोलली नाही. बऱ्याच वेळानं वडील हळूच म्हणाले, ‘‘आमेन.’’ आणि आम्ही जेवलो.

त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच, आणि त्याच्याही पुढच्या. दिवसभराचं तिचं पुटपुटणंही बंद झालं. चूल मुकी, ओढ्याची वाट मुकी. मी वडिलांना म्हटलं, ‘‘तिचा वार मला द्या. मी करते प्रार्थना.’’ ते माझ्यावर क्वचितच रागवत, पण तेव्हा रागावले. ‘‘वार तिचा आहे,’’ म्हणाले, ‘‘ती बोलेल, नाही तर नाही बोलणार. तो काढून घेणारे आपण कोण?’’

मग अशी वर्षं गेली. मला आईचा राग यायचा. दुःख आम्हालाही होतं, पण आम्ही आपापले वार पाळत होतो ना? आणि तिच्याशिवाय आमच्या प्रार्थना किती कोरड्या आहेत हेही मला कळत होतं, म्हणून राग आणखी वाढायचा. मंगळवारी मी पाठ केलेली चार वाक्यं म्हणायची आणि येशू ती ऐकत असेल यावर माझाच विश्वास बसायचा नाही.

एकदा पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस द्यायला आले आणि नेमके गुरुवारी मुक्कामाला राहिले. ताटं वाढली. वडील म्हणाले, ‘‘आज यांचा वार.’’ आईनं हात जोडले. पाळकसाहेब खाकरले, थोडे थांबले, मग त्यांना वाटलं बाई लाजत असेल, म्हणून त्यांनीच सुरुवात केली. वडिलांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘‘साहेब, वार त्यांचा आहे.’’ मोठ्या माणसाला वडिलांनी असं अडवलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

जेवणानंतर पाळकसाहेबांनी विचारलं, जी बाई प्रार्थनाच करत नाही तिला उद्या प्रभुभोजन कसं द्यावं? वडील म्हणाले, ‘‘ती दर गुरुवारी हात जोडून बसते, साहेब. उठून गेलेली नाही.’’ पाळकसाहेब भले होते. त्यांनी दिलं. आईनं ते घेतलं, आणि तिचं तोंड दगडासारखंच राहिलं.

पुढं मी पुण्याला नर्सचं काम शिकायला गेले. दुसरं महायुद्ध सुरू झालं, तांदूळ मिळेनासा झाला. वडिलांना धाप लागायला लागल्याचं आईनं दुसऱ्याकडून लिहवून कळवलं. मी पोचले तेव्हा वडिलांना बोलता येत होतं, पण त्यांनी फारसं काही सांगितलं नाही. आईकडं लक्ष ठेव, एवढंच म्हणाले. ते गेल्यावर त्यांना भावाच्या शेजारी पुरलं. गावातल्या लोकांनी आमच्या ओट्यावर शिधा आणून ठेवला. तांदूळ, डाळ, मीठ, कुणी एक नारळसुद्धा. वडिलांचे किती विद्यार्थी त्या दिवशी लांब उभे राहून रडत होते! लांब, पण रडत होते.

दोन दिवसांनी गुरुवार आला. घरात आम्ही दोघीच. मी भात केला, दोन ताटं वाढली, समोरासमोर बसलो. आईनं हात जोडले आणि डोळे मिटले. मीही मिटले. मला ते सहन होईना. आता घरात आमेन म्हणायला मीच उरले होते. वडील थांबत तेवढी, किंवा जरा कमीच, मी थांबले आणि म्हणाले, ‘‘आमेन.’’

‘‘थांब,’’ आई म्हणाली, ‘‘माजं झालं न्हाई.’’

मी डोळे उघडले. ती माझ्याकडं बघत होती.

‘‘काय झालं नाही?’’

‘‘बोलनं. तुला काय वाटलं, म्या गप बसती? इतकी वरसं म्या त्याच्याशी भांडती. म्या उपकार मानलं आन तू पोरगं न्हेलंस, मला तोंडावर पाडलंस, असं दर बेस्तरवारी त्याला बोलती. लई वंगाळ बोलती. आन तुजं वडील त्याच्यावर आमेन म्हनायचं.’’

‘‘त्यांना माहीत होतं?’’

‘‘म्या सांगितलं एकदा. म्हनलं, म्या त्याला शिव्या घालती, तुमी आमेन म्हनू नगा. तर म्हनाले, त्यालाच घालतीस न्हवं? मग म्हननार.’’

मी तिला इतकी वर्षं नास्तिक समजत होते. मी चार पाठ वाक्यांवर स्वतःला भाविक समजत होते. ती मात्र एक दिवसही त्याला सोडून गेली नव्हती. समोर बसून, ताट निववून, त्याला जाब विचारत होती. वडिलांची आठवण येऊन मला हुंदका आवरेना.

‘‘गप,’’ ती म्हणाली, ‘‘आता म्होट्यानं बोलती. तुला ऐकू येऊ दे.’’ तिनं पुन्हा डोळे मिटले.

‘‘देवा, म्या तुज्यावर रागावलेली हाय. त्यो राग काय जायाचा न्हाई, तू वाट बगू नगंस. पर आता दोगंबी तुज्याकडं हाईत. मास्तरास्नी धाप लागती, त्यास्नी चढाच्या वाटंनं न्हेऊ नगं. पोराला अंधाराचं भ्या वाटतंय, त्येच्या उशाला दिवा ठिव. त्यो मला हाका मारत आसंल तर त्येला म्हन, आय येती. लवकर येती म्हन. आन तवर त्येला तू जवळ घे. म्या घेत व्हती तसा घे, मांडीवर.’’

ती थांबली. मग मला म्हणाली, ‘‘आता म्हन.’’

मी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. तिनं माझी वाट पाहिली, पुष्कळ वेळ पाहिली. शेवटी आमेन तिनंच म्हटलं.