तवंदीचा चढ

हाताला पेट्रोलचा वास लागला की तवंदीचा घाट आठवतो. निपाणीला साड्यांचा गठ्ठा नेताना त्या चढावर आमची जुनी मोटारसायकल दम टाकायची आणि माझे विणकर वडील, आप्पा, उतरून चालायचे. त्यांना उतरू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. जास्त पेट्रोल मिळून जोर यावा म्हणून मागाच्या फणीची तार फिरवून कार्बोरेटरच्या जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या नळीचं, भोक मोठं केलं, तर गाडी काळा धूर ओकत घाटातच बंद पडली. आप्पांनी काळाकुट्ट प्लग बघितला. "लई पाजलंस रं तिला!" हॉर्नची वायर सोलून त्यांनी भोक पुन्हा बारीक करायला तांब्याचा एक तंतू जेटमध्ये ओवला, तुटलेलं सूत फणीत ओवावं तसा. गाडी सुरू झाली. "आता बसा. माथ्याबिगर थांबणार न्हाय," मी म्हटलं. गठ्ठा मांडीवर घेऊन ते माथ्यापर्यंत बसून राहिले. आता नव्या गाडीला कार्बोरेटर नाही, मागची सीटही रिकामी असते; पण त्या चढाला मी अजून गाडी दमू देत नाही.